डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा: बोर्डाच्या कागदापासून ट्रिब्युनलपर्यंत

डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे फौजेच्या नोकरीत आलेल्या अपंगत्वाची पेन्शन, नाकारल्याचं रिजेक्शनचं पत्र आलं की आपल्याकडचा माणूस ते घडी घालून पेटीत ठेवतो. पेटी काळी, पत्र्याची. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. घरात सांगतो, "नाही म्हणाले," आणि विषय तिथंच थांबतो. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांनी अशा पेट्यांतून ती पत्रं मी बाहेर काढली आहेत, कोरेगावला, खटावला, पाटणच्या वाड्यावस्त्यांवर. पत्राच्या शेवटी सहा महिन्यांत अपील करता येईल असं लिहिलेलं असतं. पण ते इंग्रजीत असतं आणि तिथपर्यंत कुणी वाचलेलंच नसतं.

मी फौजेत क्लार्क होतो. पेन्शनवर आल्यापासून आसपासच्या गावांतल्या माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतो, पैसे घेत नाही. हा लेख मुख्यतः जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओंसाठी (सुभेदार वगैरे) आहे. सगळ्यात आधी एकच सांगणं: मेडिकल बोर्डाचे, म्हणजे तुम्हाला तपासून अपंगत्व ठरवणाऱ्या फौजेच्या डॉक्टरांच्या मंडळाचे, कागद हातात आल्याशिवाय एकही अर्ज पाठवू नका. "देशासाठी अठरा वर्षं दिली आणि माझ्यावर अन्याय झाला," हे खरं असतं, पण तेवढ्यावर फाइल हलत नाही. बोर्डानं नाही का म्हटलं त्याचं कारण कागदावर टाइप केलेलं असतं. उत्तर त्या कारणाला द्यायचं असतं.

दावा कुणाचा बसतो

अटी दोन. आजार किंवा इजा नोकरीमुळे झालेली हवी, नाहीतर नोकरीनं वाढलेली हवी. फौजेच्या भाषेत पहिली ॲट्रिब्युटेबल, दुसरी ॲग्रव्हेटेड. दोन्हीपैकी एक शिक्का पुरतो. दुसरी अट टक्केवारीची: वीस टक्के किंवा जास्त. दोन्ही नाकारलं की बोर्ड इंग्रजीत "नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड" लिहितो, त्याच्या आद्याक्षरांवरून वकील मंडळी त्याला "नाना" म्हणतात. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक प्रकरणं या नानापाशीच अडकलेली असतात, टक्केवारीपाशी कमी.

तुम्ही फौजेतून कसे बाहेर आलात यावर पुढचा रस्ता ठरतो. आजारामुळे मुदतीआधीच घरी पाठवलं असेल, म्हणजे आपण ज्याला बोर्ड आउट म्हणतो तसं, तर तुमचं प्रकरण सगळ्यात भक्कम. अशा माणसाची टक्केवारी वीसच्या खाली दाखवली असली तरी दावा सोडू नका. ज्या आजारासाठी माणसाला नोकरीतून काढावं लागलं तो वीस टक्क्यांच्या आतला कसा, असा विचार सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात मांडला आहे. दुसरा रस्ता मुदत पूर्ण करून, पण लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे पूर्ण फिट नसताना, बाहेर आलेल्यांचा. यात आपले सर्वाधिक लोक येतात: गुडघा, कंबर, ब्लड प्रेशर, शुगर, कानानं कमी ऐकू येणं. त्यांना नेहमीची सर्व्हिस पेन्शन चालू असते आणि तिच्यावर डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वाचा वेगळा हिस्सा, मागायचा असतो. तिसरा रस्ता स्वतः अर्ज करून मुदतीआधी घरी आलेल्यांचा. पूर्वी त्यांना सरळ नकार मिळायचा. २९ सप्टेंबर २००९ च्या सरकारी पत्रानं १ जानेवारी २००६ नंतर बाहेर आलेल्यांसाठी ते दार उघडलं.

लढाईत, सीमेवर गोळीबारात किंवा अतिरेक्यांशी चकमकीत जखमी झालेल्यांचा हिशेब वेगळा. त्याला वॉर इंज्युरी पेन्शन म्हणतात आणि तिचा दर बराच जास्त आहे. तुमच्या इजेची नोंद चुकून साध्या अपघातात झालेली नाही ना, हे आधी पाहून घ्या.

अग्निवीरांना पेन्शन नाही. नोकरीमुळे अपंगत्व आलं तर टक्केवारीनुसार एकरकमी अनुग्रह रक्कम मिळते: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. पण बोर्डाचा कागद वाचण्याबद्दल खाली जे लिहिलंय ते त्यांनाही लागू पडतं.

पैसे किती, ते आधी समजून घ्या

डिसॅबिलिटी एलिमेंटचं गणित सोपं आहे. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. पगारात बेसिक आणि मिलिटरी सर्व्हिस पे धरतात. समजा हे दोन्ही मिळून शेवटचा आकडा ४०,००० रुपये होता. त्याचे ३० टक्के १२,०००. बोर्डानं अपंगत्व ३० टक्के दिलं असेल तर १२,००० चे ३० टक्के, म्हणजे ३,६०० रुपये महिना आणि त्यावर महागाई भत्ता.

आता ब्रॉड बँडिंग, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेणं. ५० च्या खाली असेल तर ५० धरायचं, ५० ते ७५ ला ७५, त्यावर १००. वरच्या उदाहरणात ३० चे ५० झाले की ३,६०० चे ६,००० होतात. हा फायदा सुरुवातीला फक्त बोर्ड आउट झालेल्यांना होता. १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार प्रकरणात सुप्रीम कोर्टानं मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही तो द्यायला सांगितलं. तरी पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आपोआप बदलला असं समजू नका. ज्यांना आधीपासून डिसॅबिलिटी पेन्शन मिळते त्यांनी आज संध्याकाळीच पीपीओ काढून पाहावा. त्यावर ३० किंवा ४० टक्के असाच आकडा असेल तर ब्रॉड बँडिंगसाठी वेगळा अर्ज करावा लागेल.

शंभर टक्के अपंगत्व असेल आणि उठा-बसायला, जेवायला दुसऱ्याची मदत लागत असेल, तर सोबत्यासाठी वेगळा भत्ता असतो. कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स हे त्याचं नाव. तो बोर्डानं शिफारस केल्यावर मिळतो, म्हणून बोर्डापुढे तो स्वतःहून मागा.

पहिलं काम: पेटी उघडणं

डिस्चार्ज बुक, पीपीओ, रिजेक्शनचं पत्र, हॉस्पिटलमधून सुटी देताना मिळालेले कागद, कॅटेगरी बदलल्याचे कागद, इजा असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे युनिटनं केलेल्या चौकशीचे कागद. फॉर्मचा नंबर आयएएफवाय-२००६ असेल तर तो इंज्युरी रिपोर्ट, तो जपून ठेवा. रिजेक्शनच्या पत्राचा लिफाफाही टाकू नका. पत्र तुमच्या हातात कधी पडलं हे पोस्टाच्या शिक्क्यावरून सिद्ध होतं आणि मुदत मोजताना तो कामाला येतो.

मग एका कोऱ्या कागदावर पोस्टिंगची यादी करा. कोणत्या साली कुठं, फील्ड (सीमेवरचा किंवा ऑपरेशनचा भाग) की पीस (शांत छावणी), किती उंचीवर. सियाचीन, लेह, तवांग, राजौरी, जे असेल ते. युनिटचं नाव, हॉस्पिटलचं नाव, पहिल्यांदा सिक रिपोर्ट केल्याचा, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरकडे नोंद झाल्याचा, महिना. ही यादी बायकोला शेजारी बसवून करा. "त्या साली तुम्ही दिवाळीला आला नव्हता, थोरलीचं बारसं तुमच्याविना झालं," अशा आठवणींतून तारखा नेमक्या सापडतात. माझा कायमचा अनुभव आहे.

दुसरं काम: बोर्डाचे कागद मिळवणं

बाहेर येताना झालेल्या मेडिकल बोर्डाचा फॉर्म म्हणजे एएफएमएसएफ-१६. त्याची प्रत रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे तुमच्या रेजिमेंटचे किंवा कोअरचे सर्व्हिसचे कागद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. नौदलाच्या खलाशांचं मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला.

आधी साधा अर्ज करा: नंबर, रँक, नाव, डिस्चार्जची तारीख, आणि बोर्डाची संपूर्ण प्रत, रिजेक्शनचं पत्र, सर्व मेडिकल डॉक्युमेंट मागा. अर्ज साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला तर बरं. तिथं मसुदा तपासून मिळतो आणि जावक क्रमांक पडतो. महिन्याभरात काही आलं नाही की माहितीचा अधिकार. फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. कायद्यानं मराठीतही अर्ज करता येतो, पण बेळगाव किंवा जबलपूरला पाठवताना हिंदी किंवा इंग्रजीत लिहिलेला बरा, अनुवादात दिवस जात नाहीत.

ज्यांना कसलीच पेन्शन नाही त्यांनी याला अजिबात वेळ लावू नये. पेन्शन नसलेल्यांचे सर्व्हिस डॉक्युमेंट पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. कागद गेले की पुढं प्रत्येक गोष्ट सिद्ध करणं तुमच्या गळ्यात पडतं.

तिसरं काम: कागद वाचणं

इथं घाई करू नका. दोन संध्याकाळी द्या. इंग्रजी वाचणारा नातू, भाची, गावातले सर, कुणालाही शेजारी घ्या.

पाच ठिकाणी बोट ठेवायचं. आजाराचं नाव. तो कधी सुरू झाला. कुठं सुरू झाला. नोकरीशी संबंध आहे की नाही, आणि नसेल तर त्याचं लिहिलेलं कारण. शेवटी टक्केवारी आणि ती किती काळासाठी. एकापेक्षा जास्त आजार असतील तर एकूण टक्केवारी वेगळी काढलेली असते. ती साधी बेरीज नसते, त्यामुळे २० आणि ३० चे ५० झाले नाहीत म्हणून भांडू नका.

खटाव तालुक्यातले एक नाईक माझ्याकडे आले होते. आजार ब्लड प्रेशरचा, टक्केवारी ३०, आणि निकाल नाना. मी कागद खिडकीपाशी धरला. फोटोकॉपी फिकट, कारणाच्या रकान्यात एवढंच: आजार पीस स्टेशनवर सुरू झाला, नोकरीशी संबंध नाही. सुरू झाल्याची जागा एका मोठ्या छावणीतलं मिलिटरी हॉस्पिटल. मी विचारलं, "तिथं कधी आला होता?" ते म्हणाले, "आबा, वरनं उतरून चार महिने झाले होते फक्त. त्याआधी अडीच वर्षं काश्मीरला." मग डोकं दुखणं, चक्कर? "ते तिथनंच. एमआय रूमला गोळी द्यायचे." एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना. म्हणजे आजार सापडला पीस स्टेशनवर, सुरू झाला होता फील्डमध्ये. बोर्डानं सापडल्याची जागा हीच सुरू झाल्याची जागा धरली होती. त्यांचं सगळं अपील आम्ही या एका फरकावर उभं केलं: पोस्टिंगची यादी, पार्ट टू ऑर्डरचे (युनिटच्या अधिकृत नोंदींचे) उतारे, एमआय रूमच्या नोंदी मागवण्याची विनंती. आजाराच्या वेदना, कुटुंबाचे हाल यावर एक ओळही लिहिली नाही. ट्रिब्युनलपर्यंत जावं लागलं, पण दावा मंजूर झाला.

तुमच्या कागदावर कारण दुसरं असेल. काही नेहमीची कारणं आणि त्यांना काय उत्तर असतं ते सांगतो.

"आजार घटनादत्त आहे," म्हणजे तुमच्या शरीरातच होता. याला उत्तर भरतीच्या वेळचा मेडिकल. १९८२ च्या नियमांत असं गृहीत धरलं होतं की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस निरोगी होता, आणि पुढं झालेला आजार नोकरीतला. सिग्नल कोअरमधले शिपाई धरमवीर सिंग यांना फिट येतात म्हणून १९९४ मध्ये बोर्ड आउट केलं होतं. त्यांच्या प्रकरणात २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं: भरतीला नोंद नसेल तर आजार नोकरीमुळे नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर, आणि बोर्डानं कारण द्यायला हवं. आजही बहुतेक अपिलांचा पाया हा निकाल आहे. मात्र २००८ मध्ये नियम बदलले, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून पूर्ण नवे नियम आले, ज्यात जवानाच्या बाजूचं हे गृहीतक तितकं मोकळं राहिलेलं नाही. तुम्ही बाहेर कधी आलात ती तारीख अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा, म्हणजे कोणते नियम लागतात हे तुम्हालाही आणि समोरच्यालाही स्पष्ट राहील.

हृदयविकारासाठी बोर्ड आधीच्या चौदा दिवसांत कोणती ड्युटी केली ते पाहतो. त्याला चार्टर ऑफ ड्युटीज म्हणतात. युनिटनं तो भरताना "नेहमीची ड्युटी" एवढंच लिहिलं असेल तर तुमच्या बाजूनं काहीच उरत नाही. त्या पंधरवड्यात गस्त, गार्ड, फायरिंग, बीपीईटी (शारीरिक क्षमतेची चाचणी), काय होतं ते तारखेनिशी आठवा, बरोबरच्या माणसांची लेखी निवेदनं जोडा.

गुडघा व्हॉलीबॉल किंवा क्रॉस कंट्रीत गेला म्हणून नाकारलं असेल तर घाबरू नका. युनिटनं ठेवलेला किंवा परवानगी दिलेला खेळ ड्युटीतच धरतात. इथं इंज्युरी रिपोर्ट असला की काम निम्म्यानं हलकं होतं.

रजेवरच्या अपघाताचं मात्र मी खरं सांगतो. रजेला येताना किंवा परत जाताना, वॉरंटवर किंवा कन्सेशनवर, म्हणजे सरकारी किंवा सवलतीच्या तिकिटावर, प्रवास चालू असताना अपघात झाला तर तो ड्युटीत धरता येतो. पण रजेत गावच्या यात्रेला मोटारसायकलवरून जाताना पाय मोडला, तर त्याचा नोकरीशी संबंध दाखवणं फार अवघड. सुप्रीम कोर्टानं अशा प्रकरणांत दावे नाकारले आहेत. अशा माणसाला आशा लावून दहा-वीस हजार खर्चायला लावणं मला पटत नाही.

आणखी एक रकाना लोक चुकवतात: ऑपरेशनला किंवा उपचाराला नकार दिला होता का. तिथं "हो" असेल तर टक्केवारी कापली जाऊ शकते. नकार का दिला होता, डॉक्टरनं धोका सांगितला होता का, हे अपिलात लिहा.

अजून नोकरीत असाल आणि रिलीज बोर्ड, म्हणजे बाहेर पडतानाचा मेडिकल बोर्ड, यायचा असेल तर हे सगळं आत्ताच करा. प्रत्येक दुखणं सिक रिपोर्टला नोंदवा. "कॅटेगरी डाउन झाली तर प्रमोशन जाईल," म्हणून गोळ्या खाऊन दिवस काढणारे पुष्कळ. मला ते समजतं, मीही तसेच दिवस काढलेत. पण जे कागदावर नाही ते बोर्डापुढे नाही. बोर्डाच्या दिवशी कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर सही करू नका, आणि प्रत मागून घ्या.

चौथं काम: दोन अपिलं

रिजेक्शन मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील. ते रेकॉर्ड ऑफिसमार्फत पाठवायचं. निर्णय पहिल्या अपिलांची समिती घेते. तिथंही नकार आला तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं अपील, ते वरच्या समितीकडे. मुदत उलटून गेली असेल तरी उशिराचं कारण लिहून पाठवा, गप्प बसू नका.

अपील दोन पानांत बसवा. पहिल्या परिच्छेदात भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, आजार, टक्केवारी. दुसऱ्यात बोर्डानं लिहिलेलं कारण जसंच्या तसं, अवतरणचिन्हात. तिसऱ्यात तुमचं उत्तर, आणि प्रत्येक वाक्याशेवटी जोडलेल्या कागदाचा क्रमांक. उदाहरणार्थ: "बोर्डाच्या म्हणण्यानुसार आजार पीस स्टेशनवर सुरू झाला. प्रत्यक्षात अमुक साली मी फील्डमध्ये असताना अमुक महिन्यात डोकेदुखी व चक्कर यासाठी एमआय रूममध्ये उपचार घेतले. पोस्टिंगचा तपशील जोडपत्र ३ मध्ये आहे. भरतीच्या वेळी हा आजार नव्हता, जोडपत्र १ पाहावे." शेवटच्या परिच्छेदात मागणी: आजार ॲट्रिब्युटेबल किंवा ॲग्रव्हेटेड धरावा, डिसॅबिलिटी एलिमेंट डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवसापासून द्यावा, ब्रॉड बँडिंग लावावं. ब्रॉड बँडिंग इथंच मागून ठेवा. नंतर त्यासाठी वेगळी फेरी मारावी लागते.

स्पीड पोस्टनं पाठवा. पावती वहीत चिकटवा आणि पोहोचल्याचा कागद ऑनलाइन काढून तिच्याखाली लावा. पावतीची शाई वर्षाभरात उडते, म्हणून तिचा मोबाइलवर फोटो काढून मुलाला पाठवून ठेवा.

पाचवं काम: ट्रिब्युनल

दोन्ही अपिलं फेटाळली, किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानं ते झालं आणि २००९ पासून चालू आहे. आपल्याला मुंबईचं खंडपीठ. शेवटच्या निर्णयापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा; उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत.

उशिराची किंमत किती असते ते सांगतो. १९८३ मध्ये बोर्ड आउट झालेले तरसेम सिंग १९९९ मध्ये कोर्टात गेले. पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला नव्यानं होणारा अन्याय आहे, म्हणून उशीर झाला तरी दावा मरत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये मानलं. पण थकबाकी दिली ती अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांचीच. उरलेल्या वर्षांचे पैसे गेले. तेव्हापासून उशिरा आलेल्या प्रकरणांत थकबाकी सहसा तीन वर्षांवरच थांबते. पेटीत पत्र पडून राहिलेलं प्रत्येक वर्ष असं खिशातून जातं.

वकिलाबद्दल. थकबाकीतला तिसरा किंवा चौथा हिस्सा द्या असं बोलणारे भेटतात. निकालावर अवलंबून टक्केवारीनं फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. ठरावीक फी ठरवा, पावती घ्या, कोऱ्या कागदावर सही करू नका, मूळ कागद कुणाच्याही हवाली करू नका. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार अपंग व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. २६ जुलै २०२५ ला सुरू झालेल्या वीर परिवार सहायता योजनेत सैनिक कल्याण कार्यालयांमधूनच कायदेशीर मदत देण्याची सोय आणली आहे. साताऱ्याच्या कार्यालयात त्याची चौकशी करा.

निकाल बाजूनं लागला आणि दिलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत, तर त्याच खंडपीठात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. नवीन केस करावी लागत नाही.

मंजुरीनंतर

लष्कराचे नवे पीपीओ प्रयागराजहून निघतात आणि आता सगळं स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर दिसतं. मंजुरी आली की लगेच चार गोष्टी ताडून पाहा: टक्केवारी ब्रॉड बँडिंगनंतरची आहे का, सुरू होण्याची तारीख डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवसाची किंवा निकालात दिलेली आहे का, कायमस्वरूपी लिहिलंय का, आणि पत्नीचं नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का. नावातली चूक आपल्याकडे सर्रास आहे, लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर. ती दुरुस्ती तुम्ही हयात असताना करा. पोर्टल जमत नसेल तर कॉमन सर्व्हिस सेंटरवर होतं, पण पासवर्ड केंद्रचालकाकडे ठेवून येऊ नका. हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत द्या; तो राहिला की पेन्शन थांबते आणि लोकांना वाटतं डिसॅबिलिटी बंद झाली.

बोर्डाची टक्केवारी आणि सिव्हिल हॉस्पिटलची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी. एसटी, नोकरी, सरकारी योजनांसाठी लागणारं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, सिव्हिल हॉस्पिटलमधल्या तपासणीवर मिळतं आणि त्याला साधारणपणे ४० टक्के लागतात. ते वेगळं काढा. हातपाय गमावलेल्यांना पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात सोय आहे, आणि कमरेखालचं अंग गेलेल्यांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र. त्यासाठी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड चालू ठेवा.

दुखणं नंतर वाढलं असेल तर पुन्हा बोर्ड मागता येतो. टक्केवारी कमी होण्याचीही शक्यता असते, म्हणून आधी ताजे रिपोर्ट काढून डॉक्टरांशी बोला आणि मगच मागा.

सगळे रस्ते बंद झाले आणि माणूस पेन्शनविना, पासष्टच्या पुढं, हवालदार किंवा खालच्या रँकचा असेल, तर केंद्रीय सैनिक बोर्डाचं निर्वाह अनुदान आहे. २०२५ मध्ये ते महिना ४,००० वरून ८,००० रुपये केलं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो.

दावा चालू असताना माणूस गेला तर

हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहायला हवं, कारण अशा वेळी घरातले म्हणतात, "तेच गेले, आता कशाला." दावा त्यांच्याबरोबर जात नाही. पेन्शन ज्या तारखेपासून मंजूर होते ती तारीख आणि मृत्यूची तारीख यांमधली थकबाकी पत्नीला मिळते. ट्रिब्युनलमध्ये केस असेल तर पत्नीचं नाव वारस म्हणून लावून ती पुढं चालते. वकिलाला लगेच कळवा.

मृत्यू त्याच मान्य झालेल्या आजारानं झाला असेल तर पत्नीला साध्या फॅमिली पेन्शनऐवजी विशेष फॅमिली पेन्शन मागता येते. दोन्हींत रकमेचा मोठा फरक आहे. त्यासाठी मृत्यूचं वैद्यकीय कारण लिहिलेला हॉस्पिटलचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या दाखल्यात ते कारण नसतं. घरी मृत्यू झाला तर जे डॉक्टर उपचार करत होते त्यांच्याकडून आजाराच्या नावासह लेखी घ्या, दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत ते राहून जातं. आणि पेटीतले कागद, जुने केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, घर आवरताना कुणी कितीही म्हणालं तरी टाकून देऊ नका. एका पिशवीत घालून तशाच्या तशा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा.